पलीकडची लाल छत्री

"दिसला का?" आईने पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्या तोंडासमोर धरली.

"थांब गं जरा. अजून टॅक्सीत असेल," मी म्हणाले.

तिने पाटीची पट्टी ओढली, अक्षरं पुसली गेली, आणि तिने पुन्हा तेच लिहिलं. "दिसला का?"

सिंगापुरातल्या सेंबावांगच्या धक्क्यावर सकाळचे साडेआठ वाजले होते. दोन चिनी म्हातारे गळ टाकून बसले होते. त्यांच्या शेजारी आईची चाकांची खुर्ची, खुर्चीमागे प्राणवायूचा सिलिंडर आणि सिलिंडरवर हात ठेवून उभा असलेला आमचा शेजारी हाफिझ. समोर सामुद्रधुनीचं करडं पाणी, आणि पाण्यापलीकडे मलेशियातलं सेनिबाँग नावाचं कोळ्यांचं गाव. मध्ये जेमतेम मैलभर अंतर. तिथली घरं दिसायची, घरांपुढे उभ्या केलेल्या होड्या दिसायच्या, वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर तिथल्या मशिदीची बांगही ऐकू यायची.

तिकडच्या काठावर माझा भाऊ पराग येऊन उभा राहणार होता. आईने त्याला पाहून पंधरा वर्षं झाली होती; सांगलीला जायचं दर वर्षी ठरायचं आणि पैशांपायी राहायचं.

आईच्या घशाचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. आवाज गेला तो गेलाच. ती पाटी हाफिझच्या पाच वर्षांच्या मुलीची, नूरची. खेळण्यातली, पट्टी ओढली की कोरी होणारी. जन्मभर अण्णांना एक वाक्य धड पुरं करू न देणारी माझी आई आता चार-चार शब्दांत संसार चालवत होती. त्यातही तिचा हुकूम सुटला नव्हता. लिहिलेलं मी लगेच वाचलं नाही की पाटीवर टकटक वाजवायची.

"मकचिकला ऊन लागतंय का?" हाफिझने विचारलं. मकचिक म्हणजे मावशी. तो माझ्याशी मलय आणि इंग्रजीची भेळ करून बोलतो. इथे त्याचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. आईशी मात्र तो शुद्ध मलयमध्ये बोलायचा, कारण आईचं मलय माझ्यापेक्षा चांगलं होतं. सिंगापुरात आल्यावर पहिली दहा वर्षं ती त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातच वाढली म्हणायला हरकत नाही. "सुदा मकान?" ही तिने शिकलेली पहिली ओळ. जेवलास का? या देशात चिनी, मलय, तमिळ, कोणीही भेटलं की आधी हेच विचारतात, उत्तराची कोणाला फारशी पर्वा नसते. आईला मात्र असायची. नाही म्हटलं की ती ताट वाढायची.

आता दादा पलीकडे का उभा राहणार होता, ते सांगायला हवं.

अण्णा सांगलीहून आले ते जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून. मी चार वर्षांची होते, दादा सात. काही वर्षांनी आम्हा चौघांना निळी कार्डं मिळाली. निळं कार्ड म्हणजे कायम राहायला परवानगी. गुलाबी कार्ड म्हणजे नागरिक. आमच्या इमारतीत सगळ्या रंगांची माणसं होती, आणि सगळ्या माणसांचे हे दोनच रंग होते. निळ्या कार्डाचं एक कलम अण्णांनी नीट वाचलं नव्हतं किंवा वाचून मनावर घेतलं नव्हतं. मुलगा अठराचा झाला की त्याने अडीच वर्षं सैन्यात नाहीतर पोलिसात नाहीतर अग्निशमन दलात काढायची. नागरिकाच्या मुलानेही, आणि निळ्या कार्डवाल्याच्या मुलानेही.

दादाला सतरावं लागलं तशी सांगलीच्या काकांची पत्रं सुरू झाली. पोराची ऐन शिकायची वर्षं बंदूक साफ करण्यात घालवणार का? इथे इंजिनिअरिंगला जागा आहे, पाठवून द्या. काकांचं काय जात होतं? उंटावरून शेळ्या हाकायच्या. आईने आठ दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, आणि अण्णांनी दादाला सुट्टीसाठी म्हणून विमानात बसवलं.

मग अण्णांनी आमच्या घराण्याला साजेशी चूक केली. त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. आधी नोकरीत साहेबाला लिहायचे तसा, 'आपल्या चरणी सविनय सादर' छापाचा. माझा मुलगा पुढील शिक्षणासाठी मायदेशी गेला आहे, तरी त्याचं कार्ड सोबत जोडलं आहे, ते कृपया परत घ्यावं, आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहे. दादाचं निळं कार्ड त्या अर्जाला टाचणी लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. राजीनामा दिला की नोकरी संपते, अशी त्यांची समजूत. देश अशी नोकरी नसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण झालं. महिन्याभरात उत्तर आलं, चार ओळींचं. कार्ड परत केल्याने जबाबदारी संपत नाही. मुलगा या देशात पाऊल ठेवील तेव्हा त्याला अटक होईल.

अण्णा गेले तेव्हा दादा येऊ शकला नाही. सांगलीत त्याने फोटोपुढे बसून डोकं भादरून घेतलं. इथे मंडाईच्या दाहगृहात मुलाने उभं राहायच्या जागी हाफिझ उभा राहिला. गुरुजींनी त्याला विचारलं, तुम्ही कोण? तो म्हणाला, सातव्या मजल्यावरचा.

हाफिझ आणि दादा एकाच वर्षीचे, एकाच शाळेतले. हाफिझने त्याची अडीच वर्षं अग्निशमन दलात काढली. आजारी माणूस जिन्यावरून कसा न्यायचा ते त्याला तिथे शिकवलं होतं, आणि त्या वर्षी लिफ्ट बिघडली की आईला तोच उचलून न्यायचा. त्याने दादाला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त एकदा, अण्णांच्या राखेचा कलश घेऊन घरी येताना, बसमध्ये म्हणाला होता, "अडीचच वर्षं होती, रेवा."

आई त्या सकाळी तिकडे का गेली नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. तिचा पासपोर्ट भारताचा. मलेशियाचा व्हिसा मिळायला दहा दिवस, आणि डॉक्टर दहा दिवसांचं नाव काढत नव्हते. कॉजवेवरच्या, म्हणजे मलेशियाला जोडणाऱ्या पुलावरच्या, रांगेत दोन तास हा सिलिंडर पुरणार नाही, म्हणाले. तीन तासांची सुट्टी देतो, समुद्रावर नेऊन आणा. म्हणून दादा सांगलीहून मुंबई, मुंबईहून क्वालालंपूर, तिथून रात्रभर बसने पलीकडच्या काठावरचं जोहोर असा आला होता. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. मैलभरावरचा माणूस तिला दिसणं शक्य नव्हतं, मलाही नव्हतं. लाल रंग दिसेल, असं मी आपलं ठरवलं आणि दादाला लाल छत्री घ्यायला सांगितली. आईला तिची हळदी रंगाची साडी नेसवली. ती चक्क लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती, आणि तिने कुंकूही मागितलं होतं. अण्णा गेल्यापासून तिने ते लावलं नव्हतं. मी टिकली लावली.

आणखी एक गोष्ट सांगायची तर माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. दोन वर्षांपूर्वी माझा नागरिकत्वाचा अर्ज नाकारला गेला होता. दुसऱ्या अर्जाला होकार आला होता, आणि सतरा दिवसांनी शपथ होती. ते पत्र मी घरी का ठेवलं नाही कोण जाणे. गेले तीन आठवडे ते माझ्याबरोबरच फिरत होतं.

फोन वाजला.

"रेवे, पोचलो," दादा म्हणाला. "एका हॉटेलच्या मागे लाकडी धक्का आहे, त्याच्या टोकाला उभा आहे. छत्री उघडतो."

पलीकडे, होड्यांच्या रांगेच्या उजवीकडे, एक लाल ठिपका उमटला. कुंकवाच्या बोटाएवढा.

"आई! तो बघ! होड्या संपतात तिथे. लाल. दिसलं का?"

आई पुढे झुकली. हाफिझने तिच्या खांद्यांना आधार दिला. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि मग तिने पदराचं टोक धरून हात वर केला. तीन महिन्यांत तो हात छातीच्या वर गेला नव्हता.

"काहीतरी पिवळं हलतंय," दादा फोनमध्ये म्हणाला. "तीच ना? रेवे, तीच ना ती?"

"तीच."

मग तो रडायला लागला. तेहतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, परक्या देशातल्या धक्क्यावर छत्री धरून हमसून हमसून रडत होता, आणि ते सगळं माझ्या कानात. मी आईला म्हटलं, तो हसतोय. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी अजून शाळेतच आहे.

तेवढ्यात गस्तीची पोलीस बोट मधून गेली. तिच्या मागे पाण्याला पांढरी रेघ उठली आणि विरली. लाल ठिपका क्षणभर झाकला गेला तशी आईने खुर्चीचा दांडा घट्ट पकडला. बोट गेली, ठिपका होता तिथेच होता.

"रेवे, ऐक," दादाचा आवाज बदलला होता. "मी काल वकिलाशी बोललो. कॉजवेवर मी आपणहून जाऊन उभा राहिलो तर धरतील. शिक्षा होईल, काही महिने. पण आई अशी आहे म्हटल्यावर आधी भेटू देतील, विनंती करता येते, असं तो म्हणाला. इथून अर्ध्या तासात मी पोचतो. मला कुठे ठेवायचं ते ठेवू दे. पण मी आईला विचारल्याशिवाय येणार नाही. तिला सोसवेल का? तू तिला विचार. ती सांगेल तसं करतो."

मी आईपुढे वाकले. "आई, दादा विचारतोय, येऊ का म्हणून. इकडे. पकडतील त्याला, तुरुंगात ठेवतील, पण आधी तुला भेटू देतील बहुतेक. काय सांगू?"

आईने पाटीवर लिहिलं. पाटी माझ्यापुढे धरली. मी वाचलं.

मी फोन कानाला लावला. "दादा," मी म्हणाले, "आई म्हणते, नको येऊस. तुला बेड्या घातलेलं तिला बघवणार नाही. पाहिलं तेवढं पुष्कळ झालं, म्हणते."

पलीकडे होड्यांवर कावळे ओरडत होते ते मला फोनमधून ऐकू येत होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पाटीची पट्टी ओढली, आणि पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी तिला खूप वेळ लागला. हाफिझने पाटी खालून धरली.

"जेवलास का विचार. उन्हात उभा राहू नको. छत्री डोक्यावर धर."

ते मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं.

आम्ही आणखी अर्धा तास थांबलो. सिलिंडरचा काटा खाली आला तेव्हा हाफिझने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याने खुर्ची वळवली तरी आई मान मागे करून बघत होती. लाल ठिपका जागचा हलला नव्हता.

नवव्या दिवशी आई गेली. मंडाईला पुन्हा हाफिझ उभा राहिला. या वेळी गुरुजींनी काही विचारलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी मी एका सभागृहात उजवी मूठ छातीवर धरून शपथ घेतली. माझ्या एका बाजूला फिलिपिन्सची नर्स होती, दुसऱ्या बाजूला चीनमधून आलेले म्हातारे नवरा-बायको. धर्म, वंश, भाषा यांचा भेद न करता आम्ही सगळे एक, असं आम्ही एका सुरात म्हटलं. ती शपथ मला सहा वर्षांची असल्यापासून पाठ होती. शाळेत रोज सकाळी म्हणायचो. दादालाही पाठ होती. शाळेत तर तो पुढे उभा राहून सगळ्यांना सांगायचा.

नव्या पासपोर्टावर मी पहिला प्रवास केला तो पुलापलीकडे. व्हिसा नाही, प्रश्न नाहीत, दहा मिनिटांत जोहोर. दादा बस स्टँडवर तीन दिवस धरून थांबल्यासारखा दिसत होता, दाढी वाढलेली. खरं तर तो मधे सांगलीला जाऊन अस्थींसाठी पुन्हा आला होता. मी त्याच्या हातात कलश दिला.

"तेवढं एक बरं झालं," तो म्हणाला. "आईने स्वतःच नको म्हटलं. नाहीतर जन्मभर मनाला खात राहिलं असतं, की ती बोलवत होती आणि मी गेलो नाही."

"हो," मी म्हणाले.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी त्याच घरात राहते, गुलाबी कार्डामुळे ते माझ्याकडे राहिलं. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी हाफिझच्या नूरचं लग्न झालं, आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. ज्या खांबांमध्ये आदल्या आठवड्यात एका चिनी आजोबांचं शव ठेवलं होतं, तिथेच आता पडदे, फुलं आणि बिर्याणीची पातेली होती. नवरदेव डफांच्या गजरात यायचा होता. हाफिझ घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्याचे केस पिकलेत. नूरची ती जुनी पाटी घर आवरताना सापडली, असं म्हणाला. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर काहीतरी काढायला लागला.

तो अरबी वळणाने, उजवीकडून सुरुवात करतो. आधी एक उभा दांडा काढला. मग त्याच्या डावीकडे एक वळण, ते दांड्याला जोडलं. वरून आडवी रेघ. आणि त्या रेघेवर, अगदी शेवटी, एक छोटी तिरकी शेपटी.

"मकचिकने त्या दिवशी आधी हे लिहिलं होतं," तो म्हणाला. "एवढंच. मग पुसलं आणि दुसरं लांबलचक लिहिलं. पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून लक्षात राहिलं. तू फोनवर केवढं बोललीस, आणि हे तर एवढंसंच होतं. तेव्हापासून विचारायचं आहे. काय आहे हे?"

त्या रुमालावर 'ये' लिहिलेलं होतं.

आईने तेवढंच लिहिलं होतं. ये. तिला तिचा मुलगा हवा होता, बेड्यांसकट हवा होता. ती एकदाही अडखळली नव्हती. आणि मी ते वाचलं, आणि माझ्या पर्समधलं पत्र मला आठवलं. अर्जावर भावाच्या रकान्यात मी 'भारतात स्थायिक' एवढंच लिहिलं होतं. दादाला कॉजवेवर धरलं असतं, नाव निघालं असतं, पत्ता निघाला असता, आणि माझी शपथ पुन्हा लांबली असती, कदाचित कायमची. निदान तेव्हा मला तसं वाटलं. पुढे माझ्या ओळखीच्या एका वकिलीणबाईंना मी दुसऱ्याचं नाव घालून विचारलं. त्या म्हणाल्या, बहिणीला काही झालं नसतं. पण त्या सकाळी मला एवढंच ठाऊक होतं की आई जाणार आहे, आणि ती गेल्यावर मला या बेटाशिवाय दुसरं गाव नाही. दादाला सांगली होती. मला सांगलीच्या रस्त्यांची नावंही माहीत नाहीत. म्हणून मी आईच्या तोंडी माझा शब्द घातला. तिला बोलता येत नव्हतं तेव्हा घातला. तिचा आवाज गेला होता, कान शाबूत होते. तिने माझं वाक्य अख्खं ऐकलं, आणि स्वतःच्या हाताने पट्टी ओढली. मला खोटं पाडायला तिला ती पाटी पुन्हा एकदा वर धरायचीच काय ती गरज होती. तिने धरली नाही.

हे सगळं मी हाफिझला सांगितलं. त्याच्या भाषेत, तुटक तुटक. 'ये' म्हणजे काय तेही सांगितलं.

"आणि तू परागला काय सांगितलंस?"

"नको येऊस."

डफ जवळ आले होते. बायका उठून उभ्या राहिल्या. नूरच्या आईने लांबून हाफिझला हात केला. तो उठला. त्याने तो रुमाल घडी करून खिशात ठेवला, माझ्याकडे दिला नाही. शेजारच्या टेबलावरचं एक भरलेलं ताट उचलून त्याने माझ्यासमोर ठेवलं.

"सुदा मकान?" त्याने विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग जेव आधी," म्हणाला, आणि मुलीच्या वरातीकडे गेला.

दर वर्षी आईच्या तिथीला दादाचा फोन येतो. आता फोनवर तोंडही दिसतं. त्याला टक्कल पडलंय, आणि मागे भिंतीवर आई-अण्णांचे फोटो दिसतात. सगळं बोलून झालं की तो दर वेळी तेच म्हणतो, "आईने नुसतं ये म्हटलं असतं ना रेवे, तर मी ते पाणी पोहून आलो असतो." दर वेळी मी ठरवते, या वर्षी सांगायचं. मग मला आठवतं की आईने ते पुसलं होतं, आणि मी ते नक्की कोणासाठी पुसलेलं ठेवते आहे, तिच्यासाठी, त्याच्यासाठी की माझ्याचसाठी, ते मला सांगता येत नाही.

"हो रे दादा," मी म्हणते. "जेवलास का?"